सुरतेच्या डॉ. रखमाबाई आणि मिटलेला दावा : वैवाहिक समेटाविषयी एक ऐतिहासिक विचार

घटस्फोटासाठी न्यायालयात गेलेले पती-पत्नी पुन्हा एकत्र नांदण्याचे ठरवितात आणि केलेला अर्ज मागे घेतात, तेव्हा धर्मग्रामात आनंद होतो. तो होणे योग्यच आहे. धर्मगुरूने व धर्मशिक्षकाने महिनोन्‌महिने केलेल्या घरभेटींचे आणि प्रार्थनांचे ते फळ असते. परंतु या आनंदाच्या भरात एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो. दावा मिटल्याची नोंद न्यायालयाच्या दप्तरी झाली. पण दोघांमधील वैर मिटले काय? अर्जावर सही करणाऱ्या हाताला मनाची साथ होती, की वडीलधाऱ्यांचा धाक, मुलांची काळजी, लोकापवादाची भीती किंवा खुद्द आमच्याच शब्दांचे वजन त्या हाताला पुढे ढकलीत होते?

या प्रश्नाचा विचार आम्ही येथे इतिहासाच्या आधारे करू इच्छितो. त्यासाठी जो खटला निवडला आहे, तो घटस्फोटाचा नव्हता; पत्नीने नांदावयास यावे म्हणून पतीने लावलेला तो दावा होता. त्यातील दोन्ही पक्ष ख्रिस्ती नव्हते. तथापि त्या दाव्याचे मूळ आमच्याच धर्मसभेच्या न्यायालयांत आहे, त्याचा शेवट समेटाविना झालेल्या तडजोडीत झाला, आणि त्यातील पत्नीने पुढे आपले आयुष्य ज्या नगरीत सेवेला वाहिले ती सुरत आहे. या तिन्ही कारणांनी तो खटला आमच्या वाचकांनी जाणून घेण्याजोगा आहे.

१. दावा

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. त्यांच्या बालपणीच वडील जनार्दन पांडुरंग वारले. त्यांच्या सुतार ज्ञातीत विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक असल्यामुळे आई जयंतीबाई यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला. डॉ. सखाराम अर्जुन हे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत आणि १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक होते. रखमाबाईंचे लग्न त्यांच्या अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी नावाच्या, सावत्र वडिलांच्या नात्यातील एकोणीस वर्षांच्या मुलाशी लावण्यात आले. लग्नानंतर त्या माहेरीच राहिल्या. तेथे त्यांनी वाचन केले, इंग्रजी शिकून घेतले आणि जाणत्या लोकांचा सहवास मिळविला. दादाजी मात्र आपले मामा नारायण धुर्माजी यांच्या आश्रयाने राहू लागले व त्यांचे शिक्षण खुंटले.

१८८४ साली दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. रखमाबाई आपल्या विवाहित पत्नी आहेत, तेव्हा त्यांनी आपल्या घरी नांदावयास यावे असा हुकूम व्हावा, ही त्यांची मागणी होती. रखमाबाईंनी उत्तरादाखल सांगितले की, पत्नीचा निवारा व निर्वाह चालविण्यास दादाजी असमर्थ आहेत, त्यांची प्रकृती ठीक नाही, आणि ज्यांच्या आश्रयाने ते राहतात त्यांचे वर्तन असे आहे की त्या घरी जाणे आपणांस शक्य नाही. जाणते वय येण्यापूर्वी, स्वतःच्या संमतीवाचून लावलेल्या लग्नाने आपण बांधल्या जाऊ नये, हेही त्यांचे म्हणणे होते.

न्यायमूर्ती पिन्हे यांनी सप्टेंबर १८८५ मध्ये दावा फेटाळला. त्यांच्या विवेचनाचा गाभा असा होता की, मोडलेला सहवास पूर्ववत करण्यासाठी हा उपाय आहे. जो सहवास कधी सुरूच झाला नाही तो न्यायालयाच्या बळावर सुरू करून देण्यासाठी तो वापरता येत नाही. हा उपाय जाणत्या वयात, स्वेच्छेने विवाह करणाऱ्यांसाठी इंग्लंडात निर्माण झाला. अजाण वयात विवाहित झालेल्या मुलीवर तो लादणे त्यांना क्रूरपणाचे वाटले. या निकालावर दादाजींनी अपील केले. १८८६ साली मुख्य न्यायाधीश सार्जंट यांच्या पीठाने पिन्हे यांचा निर्णय फिरविला व प्रकरण पुन्हा चौकशीसाठी पाठविले. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की, रखमाबाईंनी पतीकडे नांदावयास जावे, न गेल्यास सहा महिन्यांची कैद भोगावी. रखमाबाईंनी कळविले की, आपण कैद पत्करू.

या निकालाने सारा महाराष्ट्र ढवळून निघाला. लोकमान्य टिळकांच्या पत्रांनी रखमाबाईंच्या भूमिकेवर कडक टीका केली. बेहरामजी मलबारी प्रभृती सुधारकांनी त्यांची बाजू घेतली. पंडिता रमाबाईंनी १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या प्रकरणाची दखल घेतली. दादाजींनीही त्याच वर्षी आपली बाजू मांडणारी पुस्तिका छापली. तिच्यात त्यांनी या साऱ्या विरोधामागे रखमाबाईंच्या माहेरच्या मालमत्तेचा प्रश्न असल्याचे प्रतिपादन केले. एका खोलीत बसून दोन कुटुंबांनी बोलावयाची गोष्ट अशा रीतीने दोन खंडांतील वृत्तपत्रांत बोलली जाऊ लागली. एकदा असे झाले म्हणजे माघार घेणे दोन्ही पक्षांस किती जड जाते, हे धर्मगुरूंना वेगळे सांगावयास नको.

२. हा उपाय आला कोठून?

वाचकांस वाटेल की, पत्नीला न्यायालयाच्या हुकमाने नांदावयास धाडण्याची ही पद्धत हिंदू शास्त्रांतून आलेली असावी. वस्तुस्थिती निराळी आहे. खटल्याच्या वेळीच जाणकारांनी दाखवून दिले होते की, हा उपाय इंग्लंडातून आणलेला आहे. आणि इंग्लंडात तो धर्मन्यायालयांचा होता.

इंग्लंडात विवाहविषयक वाद शतकानुशतके धर्मसभेच्या न्यायालयांपुढे चालत. रोमपासून फारकत झाल्यावरही अँग्लिकन धर्मसभेने ही न्यायालये कायम ठेवली. विवाहबंध अतूट आहे, या तत्त्वावर त्यांचे काम उभे होते. म्हणून ती पुनर्विवाहाची मोकळीक देणारा घटस्फोट देत नसत. त्यांच्यापाशी मुख्यतः दोन उपाय होते. क्रौर्य वा व्यभिचार सिद्ध झाल्यास पती-पत्नींना वेगळे राहण्याची परवानगी मिळे. आणि कारणाविना एकाने दुसऱ्यास सोडल्यास त्याने परत यावे असा हुकूम होई. हा दुसरा उपाय पतीप्रमाणे पत्नीलाही उपलब्ध होता. वाऱ्यावर सोडलेल्या पुष्कळ स्त्रियांना त्याचा आधार वाटला असेल, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. त्यामागील हेतू वाईट नव्हता.

दोष शिरला तो अंमलबजावणीत. हुकूम न मानणाऱ्यास धर्मबहिष्काराची शिक्षा होत असे. म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या मेजापासून दूर ठेवण्याचे भय दाखवून माणसाला शयनगृहात परत पाठविले जाई. १८१३ साली पार्लमेंटने या बहिष्काराच्या जागी जास्तीत जास्त सहा महिन्यांची कैद ठेवली. १८५७ च्या कायद्याने विवाहाचे दावे धर्मन्यायालयांकडून काढून मुलकी न्यायालयाकडे सोपविले गेले; पण नांदण्याचा दावा व त्यामागील कैद तशीच राहिली.

तेथून हा उपाय हिंदुस्थानात आला. बंगालमधील एका मुसलमान दांपत्याच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने १८६७ साली असा दावा येथील मुलकी न्यायालयांत चालू शकतो असे ठरविले. ख्रिस्ती लोकांसाठी १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्याच्या ३२ व्या कलमात त्याची तरतूद झाली. १८७७ व १८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितांनी हुकूम मोडणाऱ्यास कैदेत टाकण्याचा अधिकार दिला. आणि इतिहासाचा विपर्यास असा की, ज्या १८८४ साली दादाजींनी मुंबईत दावा लावला, त्याच १८८४ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने आपल्याकडील ही कैद रद्द केली! जॉर्जिना वेल्डन नावाच्या पत्नीने पतीविरुद्ध असाच हुकूमनामा मिळविला होता आणि प्रतिष्ठित पती तुरुंगात जाण्याची वेळ आली होती. तेव्हा कायदा तातडीने बदलला. मुंबईत मात्र रखमाबाईंपुढे तोच तुरुंग तीन वर्षांनी उभा राहिला.

हिंदुस्थानात ही कैद १९२३ साली रद्द झाली. इंग्लंडने १९७० च्या कायद्याने हा दावाच मोडीत काढला. आपल्या देशात १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या ९ व्या कलमात त्याला स्थान मिळाले. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ साली ते कलम घटनाबाह्य ठरविले. पण दुसऱ्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध मानले. त्याच्या वैधतेचा वाद २०१९ साली पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे नेण्यात आला.

धर्मसभेच्या इतिहासाच्या अभ्यासकाला यातून एक धडा मिळतो. विवाहबंध अतूट आहे हे सत्य एक. आणि त्या सत्याच्या रक्षणासाठी सहवासाची सक्ती करणे ही गोष्ट दुसरी. पहिलीवर आमची श्रद्धा आहे. दुसरी हे मानवी कायद्याने निर्मिलेले एक साधन होते. त्या साधनाने बंध बळकट झाल्याचे दिसत नाही. उलट घर व तुरुंग यांतून एक निवडण्याची पाळी आली तेव्हा एका मुलीने तुरुंग निवडला.

३. मिटलेला दावा, न झालेला समेट

रखमाबाईंना तुरुंगात जावे लागले नाही. व्हिक्टोरिया राणीने मध्ये पडून त्यांचा विवाह रद्द केला, अशी कथा वरचेवर सांगितली जाते व छापलीही जाते. परंतु हे प्रकरण मिटले ते जुलै १८८८ मधील तडजोडीने. दादाजींनी दोन हजार रुपये स्वीकारले आणि पत्नीवरील आपला हक्क सोडून दिला. न्यायालयाच्या दृष्टीने वाद संपला. विवाह मात्र रद्द झाला नाही. हिंदूंच्या विवाहासाठी घटस्फोटाचा सर्वसाधारण कायदाच तेव्हा नव्हता.

पुढच्या वर्षी रखमाबाई इंग्लंडला गेल्या. मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची यांचे त्यांना मोठे साहाय्य झाले. लंडनच्या स्त्रियांसाठी असलेल्या वैद्यकीय विद्यालयात शिकून १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या. १८९५ साली त्या मायदेशी परतल्या आणि सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. सुरत त्या वेळी मुंबई इलाख्यातच होती. मराठी मुलुखातील मनुष्यास ती परकी नव्हती. लवकरच इलाख्यात प्लेगाची साथ पसरली, आणि त्या काळातील कामाबद्दल सरकारने त्यांचा पदक देऊन गौरव केला. सुमारे दोन दशके त्यांनी सुरतेच्या स्त्रियांची, विशेषतः बाळंतिणींची, सेवा केली. नंतर त्या राजकोटच्या स्त्री-रुग्णालयात गेल्या. निवृत्त झाल्यावर त्या मुंबईस राहू लागल्या आणि २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्यांनी देह ठेवला.

सुरतेतील त्यांच्या आयुष्यातील एक गोष्ट आम्हांस विशेष विचार करण्याजोगी वाटते. १९०४ साली दादाजी वारल्याचे कळल्यावर रखमाबाईंनी विधवेची पांढरी वस्त्रे धारण केली, असे त्यांच्याविषयी लिहिणारे सांगतात. ज्या पुरुषाच्या घरी त्या एक दिवसही नांदल्या नाहीत, ज्याच्याकडे जाण्यापेक्षा तुरुंग बरा असे म्हणाल्या, त्याच्या मृत्यूनंतर चाळिशीच्या त्या नामांकित डॉक्टरने पांढरे लुगडे नेसावे, याचा अर्थ काय? तो रूढीचा पगडा होता, असे कोणी म्हणेल. समाजाच्या निंदेचे उत्तर होते, असे दुसरा म्हणेल. त्यांच्या मनाचा ठाव घेण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण एवढे दिसते की, बंध आणि सहवास या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या होत्या. सहवास नाकारूनही आपल्या लोकांपुढे त्यांनी बंध पाळला. आमच्या धर्मशास्त्रातही हा भेद आहे. त्याकडे पुढे वळू.

दोन हजार रुपयांच्या त्या तडजोडीत अन्याय टळला, हे चांगलेच झाले. पण समेट झाला नाही. कोणी कोणाची क्षमा मागितली नाही, कोणी दिली नाही. दावा मिटणे म्हणजे समेट होणे नव्हे, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मराठी मुलुखाच्या इतिहासात सापडणे कठीण आहे.

४. त्याच वर्षी नाशिक-नगरकडे

१८९५ साली रखमाबाई सुरतेस आल्या, त्याच वर्षी मराठी ख्रिस्ती समाजाला परिचित असलेल्या एका घरातही विवाहाची कसोटी लागली. रेव्ह. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दुरावल्या. आपल्या नातलगांत राहून त्यांनी पतीच्या धर्मांतराचे दुःख सोसले. ही कथा त्यांनी स्वतःच ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात लिहून ठेविली असल्यामुळे आम्ही ती विस्ताराने सांगत नाही. केवळ आमच्या विषयापुरते बोलतो.

टिळकांना त्या वेळी कायद्याचा एक मार्ग खुला होता. १८६६ च्या धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाच्या कायद्यानुसार, धर्मांतरामुळे जोडीदाराने सहा महिने सहवास नाकारला असेल, तर ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीस विवाहविच्छेद मागता येत असे. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात (१२ ते १५) जी मुभा दिली आहे, तिचे प्रतिबिंब या कायद्यात होते. त्यात एक लक्षणीय तरतूद होती. न्यायाधीशाने प्रतिवादी जोडीदारास विचारावे. त्याने सहवास नाकारला तरी लगेच विच्छेद न देता प्रकरण एक वर्ष तहकूब ठेवावे. दोघांची भेट घडवून आणावी. आणि वर्ष संपल्यावर पुन्हा विचारावे. नांदण्याच्या दाव्यातील हुकूम माणसाला तुरुंगाकडे बोट दाखवीत असे. हा कायदा त्याला वेळ देत असे. दोन्ही कायदे एकाच सरकारचे आणि एकाच काळातले, हे ध्यानात ठेवावे.

टिळकांनी ना विच्छेद मागितला, ना नांदण्याचा दावा लावला. त्यांनी वाट पाहिली, पत्रे लिहिली, भेटी घेतल्या. काही वर्षांनी लक्ष्मीबाई आपल्या इच्छेने परत आल्या, त्याही प्रथम आपले सोवळे-ओवळे सांभाळून. एका घरात दोन धर्म काही काळ नांदले. लक्ष्मीबाईंच्या मनातील जातिभेदाची भिंत त्यांच्याच विचाराने ढासळली, आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्या पाच वर्षांत कोणी घाई केली असती, तर मराठी ख्रिस्ती साहित्य कशास मुकले असते याची कल्पनाच करावी.

रखमाबाईंचे प्रकरण व टिळकांचे प्रकरण सर्वस्वी सारखे नाही. टिळक दांपत्याचा संसार झालेला होता, प्रेम होते, मूल होते. दादाजी व रखमाबाई यांच्यामध्ये पूर्ववत होण्याजोगे काही नव्हतेच. परंतु भेदाचा मुख्य मुद्दा असा की, एकीकडे सहवास मागितला गेला तो हक्क म्हणून. दुसरीकडे त्याची वाट पाहिली गेली ती देणगी म्हणून.

५. समेटाचे शास्त्र

संत पौलाने करिंथकरांस पहिले पत्र ७:१०-११ मध्ये प्रभूच्या आज्ञेचा उल्लेख करून विभक्त झालेल्या पत्नीपुढे दोन मार्ग ठेवले आहेत : तिने तशीच राहावे किंवा पतीशी समेट करावा. पती-पत्नींनी विभक्त होऊ नये हे प्रभूचे मागणे तर स्पष्टच आहे. तथापि जी विभक्त झाली आहे तिच्यासाठी पौलाने ‘तशीच राहणे’ हा मार्ग बंद केलेला नाही. बंध कायम ठेवून वेगळे राहणे, ज्याला आम्ही वर भेद म्हटले, तो येथे मुळातच आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. समेट करण्यासाठी पौलाने येथे जे ग्रीक क्रियापद वापरले आहे, तेच तो करिंथकरांस दुसरे पत्र ५:१८-२० मध्ये आणि रोमकरांस पत्र ५:१० मध्ये वापरतो. तेथे समेट करणारा देव आहे आणि समेट ज्यांच्याशी व्हावयाचा ते आपण पापी मानव. तो समेट देव कसा करतो? अपराधांचा हिशेब न ठेवता, स्वतः किंमत मोजून, आणि आपल्या वकिलांच्या मुखाने विनंती करून. पौल आर्जव करतो. हुकूमनामा काढीत नाही. आमचे सेवापद त्या वकिलाचे आहे. आम्ही विनवू शकतो. बजावणी करणारे बेलीफ आम्ही नव्हे.

होशेय संदेष्ट्याच्या तिसऱ्या अध्यायातही हेच दिसते. दूर गेलेल्या पत्नीला तो पंधरा शेकेल रुपे व दीड होमर जव देऊन परत मिळवितो. मुंबईच्या तडजोडीत पतीने पैसे घेऊन पत्नीवरील हक्क सोडला; येथे पती स्वतः मोल देतो. परत आणल्यावरही तो तिच्यावर हक्क बजावीत नाही. पुष्कळ दिवस तिने थांबावे व आपणही थांबू, असे म्हणतो. समेटाला वेळ लागतो हे शास्त्राला ठाऊक आहे.

धर्मसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेने हाच विचार कलमबद्ध केला आहे. ११५२ व्या कलमात निरपराध जोडीदाराने व्यभिचारी जोडीदारास क्षमा करावी अशी कळकळीची शिफारस आहे. पण ती शिफारसच आहे. क्षमा न केल्यास सहवास तोडण्याचा हक्क त्याच कलमात मान्य केला आहे. ११५३ व्या कलमानुसार जोडीदाराच्या वर्तनाने मनाला वा शरीराला, आपल्या वा मुलांच्या, गंभीर धोका निर्माण होत असेल तर विभक्त होण्यास योग्य कारण असते. ते कारण संपले म्हणजे सहवास पुन्हा सुरू व्हावा. आणि विवाहाची मूळ संमती जर बळजबरीने वा मोठ्या भयाने घेतली असेल, तर ११०३ व्या कलमानुसार विवाहच अवैध ठरतो. ज्या संस्काराचा प्रारंभ भयाने होऊ शकत नाही, त्याचा पुनरारंभ भयाने कसा व्हावा? पोप फ्रान्सिस यांनीही २०१६ च्या कुटुंबविषयक प्रबोधनपत्रात (परिच्छेद २४१) दुर्बळ जोडीदाराला वा मुलांना हिंसेपासून वाचविण्यासाठी विभक्त होणे प्रसंगी नैतिक दृष्ट्या आवश्यक ठरते, असे स्पष्ट केले आहे.

६. देशाचा कायदा काय शिकवितो

धर्मगुरू वकील नव्हेत. पण अर्ज मागे घेण्याचा सल्ला देणाऱ्याने त्याचे कायदेशीर परिणाम अजिबात जाणू नयेत, हे बरे नाही. कायद्यातील काही गोष्टी समेटाच्या शास्त्राशी आश्चर्यकारक रीतीने जुळतात.

१८६९ च्या कायद्यात २००१ साली मोठ्या सुधारणा झाल्या. त्यापूर्वी ख्रिस्ती पतीस पत्नीचा व्यभिचार एवढेच कारण पुरे होई. पत्नीस मात्र पतीच्या व्यभिचाराबरोबर क्रौर्य, परित्याग यांसारखे दुसरे कारणही सिद्ध करावे लागे. हा विषमभाव गेला. त्याच सुधारणेने आलेल्या १०-अ कलमाने परस्परसंमतीचा मार्ग दाखविला. त्यात अर्ज केल्यावर सहा महिन्यांनंतर व अठरा महिन्यांच्या आत, अर्ज दरम्यान मागे घेतलेला नसेल तर, पुढचे पाऊल टाकावयाचे असते. म्हणजे माघारीसाठी जागा कायद्यानेच राखून ठेवली आहे. हिंदू विवाह कायद्यातील अशाच तरतुदीविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली निर्णय दिला की, संमती शेवटच्या हुकूमनाम्यापर्यंत टिकली पाहिजे आणि एका पक्षालाही ती काढून घेता येते. त्या प्रकरणातील पत्नीचे म्हणणे होते की, आपली संमती दडपणाखाली घेतली गेली. दडपण घटस्फोटाकडे ढकलू शकते तसेच माघारीकडेही ढकलू शकते, हे आम्ही त्यावरून ओळखावे.

दुसरी कल्पना क्षमापनाची. १८६९ च्या कायद्याने व्यभिचाराला क्षमा झाली असे केव्हा मानावे? सहवास प्रत्यक्ष पुन्हा सुरू झाल्यावरच. नुसत्या शब्दांना कायद्याने क्षमा मानले नाही. पुण्याच्या एका मराठी दांपत्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी १९७५ साली सर्वोच्च न्यायालयात हे तत्त्व उलगडून सांगितले. क्षमापनात अपराधाची माफी व पूर्वस्थितीची प्राप्ती या दोन्ही गोष्टी येतात. आणि ते सशर्त असते. अपराध पुन्हा घडल्यास माफ केलेला जुना अपराधही जिवंत होतो. म्हणून अर्ज मागे घेणाऱ्या पत्नीला, पुढे अत्याचार झाल्यास आता काहीच करता येणार नाही, असे कोणी सांगत असेल तर ते खरे नव्हे. मात्र दिवाणी प्रक्रियेच्या नियमांनुसार, नव्याने दावा लावण्याची परवानगी न घेता दावा मागे घेतल्यास त्याच कारणासाठी तो पुन्हा लावण्यास अडथळा येतो. तेव्हा माघारीचा अर्ज कोणत्या शब्दांत लिहावा, हे तिने आपल्या स्वतःच्या वकिलास विचारले पाहिजे. पतीच्या वकिलाने लिहिलेल्या कागदावर धर्मगुरूसमक्ष सही, हा प्रकार आम्ही होऊ देऊ नये.

१९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने तर समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायाधीशाचे कर्तव्यच ठरविले आहे. जे मुलकी न्यायाधीशाने करावे असे संसदेने म्हटले, ते आमचे जुने काम आहे.

७. आमच्यासाठी

या साऱ्या इतिहासावरून धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी काही गोष्टी मनाशी धराव्यात, असे आम्हांस वाटते.

पहिली : दोघांशी वेगवेगळे बोलावे. पती, सासू व दीर बसले असता पत्नी जे ‘होय’ म्हणते, ते ऐकून दुसऱ्या दिवशी न्यायालयाचा रस्ता धरू नये. मुंबईच्या न्यायालयात शेकडो पाने लिहिली गेली. रखमाबाईंना काय हवे आहे हा प्रश्न मात्र फार थोड्यांना महत्त्वाचा वाटला.

दुसरी : मारहाण, व्यसन वा जिवाचा धोका हे कारण असेल, तर आधी ते कारण दूर झाले आहे काय हे पाहावे. पतीने दारू सोडल्याचे वचन दिले, एवढ्याने कारण संपत नाही. या बाबतीत धर्मशिक्षक धर्मगुरूपेक्षा अधिक जाणतो. तो त्याच वस्तीत राहतो. सुरतेत उधना, लिंबायत यांसारख्या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे माहेरापासून दूर, चिंचोळ्या खोल्यांत राहतात. अशा ठिकाणी परत नांदावयास जाणाऱ्या स्त्रीला रात्री हाक मारण्याजोगे एक तरी दार ठाऊक असले पाहिजे. ते दार धर्मशिक्षकाचे असावे.

तिसरी : वेळ द्यावा. १८६६ च्या कायद्याने वर्षभर थांबविले, १०-अ कलम सहा महिने थांबविते, होशेय पुष्कळ दिवस थांबला. पुढील तारखेच्या आत प्रकरण मिटविण्याची घाई न्यायालयाला असेल. आम्हांला ती असण्याचे कारण नाही.

चौथी : ख्रिस्तप्रसादाला सौद्याचे साधन करू नये. विभक्त राहणारी, पण दुसरा विवाह न केलेली व्यक्ती केवळ त्या कारणाने संस्कारांपासून वंचित होत नाही. ‘अर्ज मागे घे, मग बघू’ असे बोलणे म्हणजे १८१३ पूर्वीच्या इंग्रजी धर्मन्यायालयाचे काम पुन्हा हाती घेणे होय.

पाचवी : अर्ज मागे घेतल्यानंतर आमचे काम सुरू होते, असे समजावे. पहिले सहा महिने घरभेटी चालू ठेवाव्यात. दोघांनाही, आणि दोघांच्या घरच्यांनाही, भेटावे. ज्या समेटाकडे नंतर कोणी वळून पाहत नाही, तो पुष्कळदा नव्या दाव्याची सुरुवात ठरतो.

आणि समेट खरोखर झाला, तर त्याचा उत्सव करावा. पती-पत्नींची इच्छा असल्यास मिस्सामध्ये त्यांना आशीर्वाद द्यावा. मात्र त्यांची कथा प्रवचनात सांगू नये. आपण केलेल्या क्षमेचे प्रदर्शन झालेले कोणत्याही पत्नीला आवडत नाही, पतीलाही नाही.

सुरतेच्या रुग्णालयात येणाऱ्या बाळंतिणींमध्ये बालवयात नांदावयास धाडलेल्या मुली कमी नसतील. त्यांच्या उशाशी बसणारी डॉक्टर स्वतः तशी जाण्यास नकार देऊन तेथवर आली होती. तिच्यावर जो उपाय चालविला गेला, तो आमच्या पूर्वजांनी सद्‌हेतूने घडविला होता. समेटासाठी घरोघरी जाताना ही गोष्ट ध्यानात राहिली, तर आमच्या विनंतीत हुकमाचा सूर येणार नाही, आणि जे परत एकत्र येतील ते आपल्या पायांनी चालत येतील.